पदर वर ओढला, ओळ तशीच राहिली

मी एका जाहिरातीचा ठसा बोलतोय. साल १९४३ की ४४, हे खात्रीने सांगवत नाही. नगरच्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी इतका मजकूर पाहिला, की मला आठवतं ते घडलेलं की नुसतं छापलेलं, असा संशय माझा मलाच येतो. तरी माझ्या निवाड्याची ती सभा मला समोर ठेवूनच झाली. तेवढी तरी चुकीची आठवत नसावी.

लाकडावर जस्ताचा पत्रा ठोकून मला घडवलं. माझ्यावर बाळाला पाजणारी आई होती आणि खाली मजकूर : ‘बाळनिद्रा गोळी. सकाळी एक द्या, आई कामाला मोकळी. मूल उठले तर आणखी एक.’ मला माझा अभिमान होता. खोटं कशाला सांगू?

महिन्याभरात तक्रारी आल्या. संपादक काकासाहेबांची रीत अशी, की एका विषयाची पत्रं एका चळतीत रचायची आणि उंच चळत आधी ऐकायची. आईच्या उघड्या छातीबद्दल सतरा पत्रं होती. गोळीबद्दल एकच, दवाखान्यातल्या नर्स फिलोमिनाबाईंचं. त्या स्वतः येऊन बसल्या. निवाड्याला काकासाहेब आणि छापखान्याचे भागीदार, निवृत्त हेडमास्तर गिदोन.

दोन तास छातीवरच गेले.

“घरात लेकीसुना अंक वाचतात हो!” काकासाहेब म्हणाले.

“लेकीसुनांनी मूल पाजलेलं कधी पाहिलं नाही वाटतं?” फिलोमिनाबाई म्हणाल्या. मास्तरांनी हसू खोकल्यात दडवलं.

“ह्या गोळीत अफू आहे, काकासाहेब. पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया ती पोरांना देऊन कामाला जातात. ही ओळ आधी काढा.”

“गोळीत काय आहे ते सरकार बघेल, बाई. वाचकाला काय खटकलं, ते आम्ही बघायचं. सतरा जणांना छाती खटकली. गोळी तुम्हां एकट्यांना.”

“त्या बायांना दुकानदार वाचून दाखवतो. त्यांचं पत्र कुठून येणार?”

“हे मात्र विचारात घ्यायला हवं,” मास्तर चष्मा पुसत पुटपुटले. पण जेवणाची वेळ होऊन गेली होती.

निकाल झाला : छाती झाका. कारागीर बन्सीने माझा पत्रा खरवडला. खरवडलेली जागा छापल्यावर पांढरी उमटते. तोच गळ्यापर्यंतचा पदर झाला. बाळ आता पीत नव्हतं. नुसतं गाढ निजलेलं दिसत होतं, पूर्वीपेक्षा गोड. तक्रारदारांपैकी चौघांनी आभार कळवले.

तिसऱ्या आठवड्यात फिलोमिनाबाई पुन्हा आल्या. बरोबर खडी फोडणारी दगडाबाई होती. तिने अंकातल्या चित्रावर बोट ठेवलं.

“सायब, ह्या लेकरावानीच निजली हुती माझी पोर. म्या म्हनलं, औषद लागू पडलं. सांजच्याला उठवाया गेले, तर उठंना. परवा गेली.”

“किती दिल्यास?” काकासाहेबांनी विचारलं.

“लिवल्यात तेवढ्याच. येक, अन् उठली तवा येक.”

काकासाहेब मास्तरांकडे वळले. “घाईत मूठभर दिल्या असतील. ह्यांना कुठलं आलंय मोजमाप!”

मी हादरून गेलो. सांगणारा मी, आणि खोटी ती ठरत होती.

त्याच दिवशी मास्तरांनी मला यंत्रावरून काढलं आणि पुन्हा चढवू दिलं नाही. मी फळीवर पडून राहिलो. आणि हे सांगताना लाज वाटते, पण काकासाहेबांचंच खरं असेल, तिनेच जास्त दिल्या असतील, असं मीही स्वतःला समजावत आलो. तसं मानलं की हलकं वाटे.

माझ्यासारखा कुणी तुमच्यापुढे निवाड्याला आला, तर कुणाकुणाला लाज वाटली एवढंच विचारू नका. तो सांगतो तसं कुणी वागलं तर काय होईल, हे आधी विचारा.

१९४९ साली छापखाना हलवला, तेव्हा फिलोमिनाबाई मास्तरांना भेटायला आल्या. पोरीला गोळ्या दिल्या त्या सकाळी नवी घेतलेली पुडी दगडाबाईने गाव सोडताना फिलोमिनाबाईंकडे दिली होती. पुडीवर छापलं होतं : वीस गोळ्या. मास्तरांनी त्या माझ्याशेजारी फळीवर ओतल्या आणि दोनदा मोजल्या.

अठरा होत्या.