कोरडं तळघर

गोटी पुन्हा टिर्झाच्या भिंतीकडेच गेली.

रूलोफने ती उचलली, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिला. गोटी जराशी थबकली, मग फरशीवरून घरंगळत थेट शेजारणीच्या भिंतीला जाऊन टेकली. गेल्या हिवाळ्यात ती निम्म्या वाटेवर थांबायची. भिंतीवरची भेगही तेव्हा केसाएवढी होती. आता तिच्यात नाणं उभं राहत होतं.

“बघितलंस?” तो म्हणाला.

“बघितलं की. रोज काय तेच बघायचं?” एव्हर्टने खिडकीशी बसून कॉफीचा घोट घेतला. एव्हर्ट त्याचा शाळेपासूनचा मित्र. सगळ्या गावाचे केस कापता कापता सगळ्या गावाच्या भानगडी त्याने गोळा केल्या होत्या, आणि दुकान विकलं तरी तो साठा विकला नव्हता. त्याचं घर कालव्याच्या पलीकडे होतं. त्याच्या भिंतींना एकही भेग नव्हती, पण चिंता सगळ्यात जास्त त्यालाच होती. “घर त्या बाईकडे झुकतंय. आणि ती बाई काय करते? दिवसाढवळ्या पडदे ओढून बसते.”

हार्सवेर्डमध्ये रस्त्याकडच्या खिडकीला कोणी पडदा ओढत नाही. दिवाणखाना कसा आरपार दिसला पाहिजे. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला पडदा कशाला, असं इथे सात पिढ्या मानत आले. टिर्झा मात्र राजधानीतून आली, आणि आल्या आल्या जाड निळे पडदे लावून मोकळी झाली.

“आणि बादल्या,” रूलोफ म्हणाला. “दुपारी मागच्या अंगणात मातीच्या बादल्या नेऊन ओतते. कुंपणातून दिसतं मला.”

“मग झालं तर! तळघरात गांजा लावत असणार. जागा वाढवतेय. पलीकडून जाताना घरघर ऐकू येते, पंख्यासारखी.”

“ती घरघर माझ्या पंपाची आहे, गाढवा.”

“असेल. पण पडदे तर तिचेच ना?”

रूलोफला हसू आलं नाही. त्याला राग येत होता, आणि रागाखाली भीती होती. या घरात त्याचा बाप जन्मला होता, याच घरात त्याची बायको हारम्के वारली होती. तपासनीस येऊन घर राहण्याजोगं नाही म्हणाला, तर आपल्याला नव्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत नेऊन ठेवतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिथल्या खिडक्या उघडतसुद्धा नाहीत, असं एव्हर्टनेच कुठूनतरी आणलं होतं.

हार्सवेर्ड मुळात चिखलात उभं राहिलेलं गाव. हेरिंग मासा पकडणाऱ्या लोकांनी उत्तरेकडून पाइनची खोडं आणली, ती चिखलात ठोकली, त्यांच्यावर विटांची घरं रचली, भोवती तट बांधला आणि स्वतःला शहर म्हणवून घेतलं. पुढे मासा गेला, मग बांध घालून समुद्रही दूर सारला, आणि गाव तटाच्या आत हातपाय दुमडून बसलं. शिकलेली पोरं बाहेर पडायची ती परत यायची नाहीत. मग वेशीबाहेरची दलदल उपसायला मोठं पंपघर आलं, आणि शहराने एकदाचा तट ओलांडला. आधी पक्ष्यांच्या नावाच्या गल्ल्या झाल्या, मग झाडांच्या, आणि झाडंही संपली तेव्हा ग्रहताऱ्यांच्या. त्या पंपघरात रूलोफच्या बापाने नोकरी केली, आणि मग रूलोफने. शनी गल्लीतला माणूस पावसाळी रात्री कोरड्या पायांनी झोपतो यात आपला हात आहे, असं त्याला वाटे, आणि ते खरंही होतं. तरी त्या वस्तीतून सायकलने जाताना तो कोणाला नमस्कार करत नसे. ही सगळी आयात केलेली माणसं, असं तो म्हणे. त्यांना कोरडी जमीन आपणच करून दिली, याचा त्याला तेवढ्यापुरता विसर पडे.

आता शहराला गाड्या ठेवायला जागा पुरेना, म्हणून जुन्या गुरांच्या बाजारात जमिनीखाली वाहनतळ खोदायला घेतला होता. रूलोफ रोज तिथे जाऊन कठड्याला टेकून उभा राही आणि खालच्या इंजिनियरला ओरडून सांगे, “पाणी ओढताय तुम्ही! आमच्या खालचं पाणी ओढताय!” लाकडाचे खांब पाण्यात बुडालेले असले तर शतकानुशतकं टिकतात. पाणी उतरलं, हवा लागली, की कुजतात. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

“गुरुवारी सगळी गल्ली नगरपालिकेत जाणार,” एव्हर्ट म्हणाला. “बोलायचं तू. पंपवाला माणूस बोलला की ऐकावंच लागतं त्यांना.”

“बोलेन की. पण तो कोपऱ्यावरचा बेकरीवाला येत नाही म्हणतो. म्हणे, त्याच्याकडे भेगाच नाहीत.”

“वाहनतळाला सगळ्यात जवळ त्याचं घर, आणि भेगा नाहीत?”

“गप्प बसायला सांगितलं असणार त्याला,” रूलोफ म्हणाला. दोघांनाही हे पटलं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात टिर्झा. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले, नखांत माती.

“शेजारी, उद्या सकाळी दहाला कॉफीला याल का? जरा बोलायचंय.”

“कशाबद्दल?”

“या तर खरे.” तिची नजर त्याच्या खांद्यावरून आत गेली, जमिनीवरच्या गोटीवर थांबली, आणि ती निघून गेली.

“सही घेणार कशावर तरी,” एव्हर्ट कुजबुजला. “कशाला हात लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी रूलोफ इस्त्रीचा सदरा घालून गेला. आत पडदे ओढलेलेच होते. टिर्झाने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, त्याने एक घेतलं, आणि डबा उघडाच राहिला. हार्सवेर्डमध्ये पाहुण्याने एक बिस्कीट घेतलं की डब्याचं झाकण लागतं. उघडा डबा म्हणजे बाईला काहीतरी हवं होतं, आणि तेही बरंच.

“पडद्यांचं वाईट वाटलं असेल ना तुम्हाला?” ती म्हणाली. “एव्हर्ट रोज पलीकडून टक लावून बघतात. मी रात्रपाळीची नर्स आहे हो. दिवसा झोपते.”

रूलोफने कपात बघितलं. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“आणि खरं सांगू? मला तुमचाच संशय होता. तुमच्याकडे रात्रंदिवस काहीतरी घरघरतं. एकटा माणूस, तळघर कायम बंद. म्हटलं, म्हातारबुवांनी खाली गांजाबिंजा लावला की काय!”

आता मात्र त्याला हसू आलं, इतकं की बिस्किटाचा चुरा सदऱ्यावर सांडला. ती पण हसली. मग उठली आणि म्हणाली, “चला, बादल्या कसल्या ते दाखवते.”

मागच्या खोलीतली लादी काढून तिने दोन खड्डे खणले होते. खांब तपासायला माणूस येणार होता, त्याने खड्डे तयार ठेवायला सांगितलं होतं. तो कालच येऊन गेला होता. पहिला खड्डा पलीकडच्या भिंतीशी. त्यात पाणी होतं, काळं, स्थिर, आणि त्याखाली खांबांची डोकी दिसत होती. टिर्झाने लोखंडी सळई दिली. रूलोफने खांबाला टोचली. सळई टणकन परतली. हेरिंगवाल्यांनी ठोकलेलं लाकूड अजून कालच्यासारखं होतं.

दुसरा खड्डा रूलोफच्या भिंतीशी. तो कोरडा होता.

तो गुडघ्यांवर बसला. सळईची गरजच पडली नाही. त्याने अंगठा टेकवला, तर अंगठा ओल्या केकमध्ये जावा तसा लाकडात गेला. ही भिंत दोघांची होती, खाली खांबही दोघांचे होते. त्याची आजी या भिंतीच्या एका बाजूला राहायची आणि तिची बहीण दुसऱ्या बाजूला.

“तो माणूस म्हणाला, इकडे कशामुळे तरी पाणी उतरतंय,” टिर्झा म्हणाली. “वाहनतळ तर त्या बाजूला आहे. तिकडे पाणी जिथल्या तिथे आहे. तुम्ही पंपातले जाणकार, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. शेजारी, ते घरघरतं ते काय आहे?”

रूलोफला उत्तर ठाऊक होतं. अंगठा आत गेला त्याच क्षणी कळलं होतं. नोकरीत त्याने हेच तर केलं होतं. पाणी ओढायचं, आणि आसपासची जमीन कोरडी होताना बघायचं. बेकरीवाला खोटं बोलत नव्हता, हेही त्याला आता कळलं.

“बघतो,” एवढंच तो म्हणाला, आणि कॉफी तशीच टाकून घरी आला.

तळघरातला दिवा लावून तो खाली उतरला. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप चालू होता. तो त्याने स्वतः जोडला होता, हारम्केला पहिल्यांदा न्यूमोनिया झाला त्या वर्षी. त्याआधी दर हिवाळ्यात तळघरात घोट्यापर्यंत पाणी यायचं. हारम्के लाकडी बूट घालून त्या पाण्यातून फळांच्या बरण्या काढायला जायची आणि खोकत वर यायची. पंप लावल्यावर ती मोज्यांनिशी खाली उतरली होती. चक्क मोजे घालून. मग खाली एक स्टूल ठेवून त्यावर बसायला लागली. नाशपाती सोलायला तिला तिथेच थंड आणि बरं वाटे. शेजारणींना बोलावून दाखवायची, “अख्ख्या गल्लीत माझंच तळघर कोरडं! माझ्या नवऱ्याने केलंय.” आयुष्यात कोणी इतकं कौतुक केलं नव्हतं त्याचं. ती गेल्यावरही त्याने पंप कधी थांबू दिला नाही. दोनदा मोटर बदलली. स्टूल अजून तिथेच होतं आणि फळीवर तिने भरलेल्या शेवटच्या बरण्या होत्या.

एव्हर्ट हाका मारत जिन्यापाशी आला. “अरे, काय म्हणाली? सही मागितली ना?”

“एव्हर्ट, वाहनतळ नाही. हा पंप आहे.”

एव्हर्टने पंपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही. हार्सवेर्डचाच माणूस तो.

“कोणाला सांगितलंस?”

“तुलाच.”

“मग मला सांगितलं नाहीस, आणि मी ऐकलं नाही.” एव्हर्टने आवाज खाली आणला. “अरे, गल्ली तुझ्या शब्दावर जमलीये. तुलाच फाडून खातील. तुझं घर जाईल, नाव जाईल. वाहनतळवाले मोठे लोक, त्यांना काय फरक पडतो? आणि ही बाई काय, बाहेरची. आज आहे, उद्या विकून जाईल.”

“भिंत तिची पण आहे.”

“रूलोफ, ऐक माझं. पंप हळूच काढून टाक. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

एव्हर्टचं म्हणणं खोटं नव्हतं, खरोखरच कोणाला कळलं नसतं. या विचारात रूलोफ बराच वेळ उभा होता, आणि त्याची त्याला पुढे लाज वाटत राहिली. मग तो वाकला आणि पंपाची तार भिंतीतून उपटली.

घर एकदम बधिर झालं. थोड्या वेळाने एव्हर्ट पायऱ्या चढून निघून गेला. दार त्याने आपटलं नाही, नुसतं ओढून घेतलं.

रूलोफने बरण्या एकेक करून वर नेल्या आणि स्वयंपाकघरात टेबलावर ओळीने मांडल्या. शेवटची बरणी ठेवतो तोच टिर्झा मागच्या दाराशी आली. अंगावर झोपायचे कपडे, वर कोट.

“काय झालं हो? मला झोपच लागेना. काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय.”

“पंप,” तो म्हणाला. “माझ्या तळघरात पंप आहे. आपल्या खालचं पाणी त्यानेच ओढलं. वाहनतळाने नाही, मी. गुरुवारी नगरपालिकेत मी हेच सांगणार आहे.”

टिर्झाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. आयुष्यभराची कमाई घालून तिने हे घर घेतलं होतं. ती ओरडेल असं त्याला वाटलं, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“कशासाठी?” शेवटी ती म्हणाली. “एवढी वर्षं, कशासाठी चालू ठेवलात?”

“बायकोचे पाय ओले होऊ नयेत म्हणून.”

“मला वाटलं, तुम्ही एकटेच राहता.”

“एकटाच राहतो.”

ती बरण्यांकडे बघत राहिली. जमिनीवर पडलेली गोटी तिच्या पायापाशी होती. ती तिने उचलून टेबलावर ठेवली, पण ती तिथेही थांबेना, तेव्हा एका बरणीला टेकवली. “खांब नवे घालावे लागतील,” ती म्हणाली. “दोघांना मिळून. मला आज चीड आलीये शेजारी, आज मला काही बोलता येणार नाही. उद्या दहाला या.” आणि गेली.

दुपार कलली तेव्हा रूलोफ पुन्हा तळघराच्या पायरीवर जाऊन बसला. खाली विटांच्या फटी आधी गडद झाल्या, मग चमकायला लागल्या. कोपऱ्यातल्या खड्ड्यातून पाणी काठावर आलं, आवाज न करता फरशीवर पसरलं आणि स्टुलाच्या पायांपर्यंत पोचलं.

“हारम्के,” तो म्हणाला, “पाय वर घे गं.”