चमच्याने प्रभुभोजन

बाइंडरकाकांना अर्धांगवायूचा झटका आला तो दुकानातच, एका कचेरीच्या जाड रजिस्टरांची शिलाई चालू असताना. सुई हातातून सुटली आणि ती उचलायला वाकलेले काका परत सरळ झाले नाहीत. तीन आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवं अंग लाकडासारखं पडलं होतं आणि तोंडात एकच शब्द शिल्लक होता, ‘नाही’. पाणी हवं असलं तरी नाही, कूस बदलायची असली तरी नाही. समजत सगळं होतं, पण बोलायला गेलं की तेवढंच बाहेर पडायचं.

धडधाकट असतानाही काकांच्या तोंडी बहुधा हाच शब्द असे. चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ‘वडिलां’पैकी ते एक होते. पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, खालोखाल त्यांचा शब्द चाले. पहाटे पाचला गुडघे टेकून प्रार्थना. पवित्र शास्त्राचे चार अध्याय वाचल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. रविवारी इस्त्री नाही, शिलाई नाही, रेडिओ नाही. प्रार्थना म्हणताना जीभ अडखळली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, कारण देवापुढे अर्धवट काही ठेवू नये. शेजारी म्हणत, हा माणूस स्वर्गात पोचला की आधी देवाला विचारेल, दार उघडायला एवढा उशीर का?

एकुलती मुलगी परिचारिका झाली आणि तिला रविवारच्या पाळ्या लागू लागल्या. काकांनी वर्षभर समजावलं. मग एका रविवारी ती गणवेश घालून निघाली तेव्हा ते दारात उभे राहिले. “उपासना चुकवून जाणार असशील तर परत या घरात पाऊल टाकायची गरज नाही.”

ती गेली आणि सहा वर्षं फिरकली नाही. आई चोरून फोन करायची.

आता महिन्याची रजा काढून, एक बॅग घेऊन ती आली होती. आईनेच तिला बोलावलं. काकांना विचारलं नाही. विचारून काय उत्तर येणार, हे माहीतच होतं.

मुलीने कमरेला ओढणी खोचली आणि कामाला लागली. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला तेल, चादरी, शौचाचं भांडं. काका डोळे मिटून घेत. ज्या पोरीला उंबऱ्याबाहेर काढलं, तिनेच आपल्याला लहान मुलासारखं पुसावं, याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

पहिल्याच रविवारी ती त्यांना स्वच्छ करत असताना चर्चची घंटा वाजली. काकांचा डावा हात तिच्या मनगटावर पडला. ‘माझं चुकलं’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ओठ जुळवायला त्यांनी सगळा जोर लावला.

“नाही,” ते म्हणाले.

तिचा हात थांबला. “उपासनेला जात नाही म्हणून का? मग तुम्हाला असंच ओलं ठेवून जाऊ?”

“नाही, नाही, नाही.” काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मेंदूला मार बसला की असं होतं, बाबा. मनात एक असतं, तोंडातून दुसरं येतं. मी वॉर्डात रोज बघते.” पण तिच्या आवाजात खात्री नव्हती. तिने ओलं फडकं पिळलं आणि पुढचं काम हाती घेतलं.

प्रार्थनेची तर गतच वाईट होती. रोज पहाटे त्यांना पाचला जाग यायची. ‘हे आमच्या पित्या’ मनात स्पष्ट उभं राहायचं आणि तोंडात यायच्या आधीच मोडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. उजाडेपर्यंत वीस-वीस वेळा, घामाघूम होऊन. गुडघे टेकता येत नव्हते, वाचता येत नव्हतं, ‘पित्या’ म्हणता येत नव्हतं. जन्मभर ज्या शिडीवर चढले, तिची एकही पायरी आता पायाखाली नव्हती. देवाने आपल्याला टाकलं, अशी त्यांची खात्री होत चालली.

एका बुधवारी दुपारी पाळक आले. काकांच्या मुलीच्याच वयाचे असतील. त्यांनी प्रभुभोजनासाठी छोट्या डब्यातून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची कुपी काढली, प्रार्थना केली आणि तुकडा पुढे केला. काकांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान वळवली.

“घ्या, काका.”

“नाही.”

पाळक गोंधळले. मुलगी म्हणाली, “हे नाही खरं आहे. एरवी ते मान वळवत नाहीत.”

काकांनी डावा हात कष्टाने उचलला, तिच्या दिशेने केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. पाळकांना कळलं. मुलीला घराबाहेर काढल्याची गोष्ट अख्ख्या मंडळीला माहीत होती.

“मुलीशी समेट झाल्याशिवाय घेणार नाही, असंच ना?”

काकांनी डोळे मिटून होकार दिला.

“आणि बोलता येत नाही, म्हणजे समेट व्हायचा नाही. तुमच्या नियमाने मग मार्गच उरत नाही.” पाळक खुर्ची ओढून जवळ बसले. “काका, येशू प्रभूने भाकर मोडली तेव्हा समोर बसलेल्या शिष्यांत लायक कोण होतं? त्याच रात्री सगळे पळाले. पळणार हे त्याला माहीत होतं. तरी दिली.”

काकांना तो अध्याय तोंडपाठ होता. त्यावर ते कितीदा बोललेही होते. पण त्या पळणाऱ्यांत स्वतःला त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली. “बाबा, माझा राग गेलेला नाही. आई म्हणते विसरून जा, पण मला जमत नाही. मी खोटं कशाला बोलू? पण राग आहे म्हणून तुम्हाला एक दिवस तरी उपाशी ठेवलं का? माझ्या हातचं घेता ना, तसंच हेही घ्या.”

काकांनी मान परत तिच्याकडे वळवली. मग काकांचे ओठ सैल झाले.

“सुकं त्यांच्या घशात अडकतं,” ती पाळकांना म्हणाली. तिने तुकडा रसात भिजवला, वाटीत कुस्करला आणि चमच्याने भरवला. निम्मं आत गेलं, निम्मं हनुवटीवरून ओघळलं. काकांनी ओघळ आवरायचा प्रयत्न केला, पण साधलं नाही. तिने टॉवेलने पुसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची प्रार्थना पहिल्याच शब्दावर मोडली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली नाही. मोडली तिथेच राहू दिली आणि डोळे उघडे ठेवून नुसते पडून राहिले. भीती गेली नव्हती, पण पुन्हा चढायची ताकद नव्हती, आणि न चढताही काही कोसळलं नाही.

रजा संपली. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून रविवारीच सकाळची बस पकडावी लागणार होती. बॅग खांद्याला लावून ती वाकली. “येते, बाबा.”

“नाही,” काका म्हणाले.

ती घुटमळली. जाऊ नकोस म्हणतायत, की माफ कर, की नुसतंच आलं तोंडातून, हे तिला कळेना. त्यांच्याजवळ सांगायला दुसरा शब्द नव्हता. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग निघाली.

दोन तासांनी कूस बदलायची वेळ झाली. मुलीने दाखवलं होतं तसा आईने एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घातला. काका हलले नाहीत. तिने पुन्हा जोर लावला. तिला धाप लागली. मदतीला येणार होती ती शेजारीण उपासनेला गेली होती, तिला यायला अजून तासभर होता. आई पलंगाच्या कडेला टेकली, काकांचा डावा हात तिने मांडीवर घेतला आणि दोघं तिची वाट बघत राहिले.