समोरच्या बाजूची वकीलबाई

ओफेलिया बारिएंतोस अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासो शहरात परदेशातून आलेल्यांचे खटले लढवायची. त्याआधी कितीतरी वर्षं ती सरकारी वकील होती आणि अशाच लोकांना परत धाडायची. एका दुपारी होंडुरासची म्हातारी डोन्या एउलालिया समोर येऊन बसली आणि तिच्याकडे टक लावून पाहत राहिली.

“माझ्या नवऱ्याला तुम्हीच परत पाठवलंत, बाई.”

ओफेलियाला तो माणूस काही केल्या आठवेना. ती थकल्या आवाजात म्हणाली, “असेल. दुसरा वकील शोधून देऊ?”

“कशाला? तुमच्यापुढे आमचा वकील नुसता ततपप करत होता. आता माझ्या बाजूनं भांडा.”

ओफेलिया भांडली. म्हातारीला राहायची परवानगी मिळाली. कोर्टाबाहेर तिने ओफेलियाला घट्ट मिठी मारली. ओफेलिया गाडीत जाऊन बसली, पण बराच वेळ तिला गाडी सुरू करावीशी वाटेना.