मेहताबच्या नावावर

शमशेरभाई शेख भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात तेहेतीस वर्षं सुतार होते. साहेबांच्या बंगल्यातल्या खुर्च्यांपासून ट्रकच्या फळ्यांपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मेअखेरीस ते निवृत्त झाले, गळ्यात हार पडला, फोटो निघाला. जूनमध्ये ग्रॅच्युइटी, फंड आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम असं सगळं मिळून बँकेत आलं. एवढा पैसा एकदम त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

झालं, भेटेल तो त्यांना शहाणं करू लागला. कुणी म्हणे प्लॉट घ्या, कुणी म्हणे सोनं. चहाच्या टपरीवरच्या एका जुन्या सोबत्यानं मात्र त्यांच्या मनात पक्कं भरवलं की निम्मी रक्कम बायकोच्या नावावर टाकायची, म्हणजे व्याज दोघांत वाटलं जातं आणि कर वाचतो. शमशेरभाईंना ही युक्ती भलतीच पसंत पडली. ऑगस्टमधल्या एका सकाळी त्यांनी दोघांची पॅनकार्डं खिशात घातली, मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीसाठी बायकोचा, मेहताबचा, फोनही मागून घेतला आणि स्कूटर काढून ते नगरला सुचित्रा मुळे यांच्या ऑफिसात गेले. वर्कशॉपातल्या निम्म्या लोकांची रिटर्नं त्याच भरत.

सुचित्राताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. नवऱ्यानं स्वतःचा पैसा बायकोच्या नावावर ठेवला, तर त्याचं व्याज सरकार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. आलेलं व्याज भाभींनी पुन्हा गुंतवलं, तर त्या व्याजावरचं व्याज तेवढं त्यांचं. पण मुद्दलावरचं तुमचंच.

"म्हणजे द्यायचं तिला आनि कर मी भरायचा?"

"तसंच. नावावर जरूर ठेवा, पण कर वाचेल म्हणून ठेवू नका." मग त्यांनी वही बाजूला सारली. "पैसा कुठं ठेवायचा हे मी सांगेन, शमशेरभाई. सहा महिन्यांचा खर्च हाताशी, दवाखान्यासाठी थोडा वेगळा, बाकीचा ज्येष्ठांच्या बचत योजनेत. पण आधी तो कशासाठी हवाय, ते ठरवा. क्वार्टर सोडावं लागेल ना?"

त्याचं उत्तर शमशेरभाईंकडे दहा वर्षांपासून तयार होतं. तिसगावला वडिलांच्या घरात त्यांच्या वाट्याच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रे बदलायचे, पुढं ओटा काढायचा, कडेला हत्यारांसाठी पडवी. ते बोलत राहिले आणि सुचित्राताई ऐकत राहिल्या. भाभींचं काय म्हणणं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शमशेरभाई हसले. तिचं काय वेगळं असणार?

आलेच आहात तर भाभींचंही वर्षाचं पत्रक बघून घेऊ, असं म्हणून सुचित्राताईंनी कॉम्प्युटरवर मेहताबचा पॅन घातला. वर्षभरात त्या पॅनवर झालेले व्यवहार त्या पत्रकात दिसतात. शिवणकामातून चार पैसे मिळवणाऱ्या बाईच्या पत्रकात काय असणार, अशा समजुतीनं शमशेरभाई खिडकीबाहेर बघत होते.

"फेब्रुवारीत भाभींनी म्युच्युअल फंड विकलाय. तीन लाख नव्वद हजार आलेत. बारा वर्षांपूर्वीपासूनचा दिसतोय. हे तुम्ही बोलला नाहीत."

शमशेरभाईंनी खिडकीबाहेरची नजर एकदम कॉम्प्युटरकडे वळवली. तरी ते म्हणाले, "व्हय, इसरलोच."

सुचित्राताईंना काही वावगं वाटलं नाही. जुन्या युनिट्सची सवलत धरून त्यांनी नफा काढला, तो एक लाख ब्याण्णव हजार. सव्वा लाखापर्यंत माफ, वरच्या सदुसष्ट हजारांवर साडेबारा टक्के. "पण मूळ पैसा कुणाचा, त्यावर ठरेल. भाभींच्या कमाईचा असेल, तर त्यांचं एकूण उत्पन्न एवढं कमी आहे की काहीच लागणार नाही. तुम्ही त्यांना गुंतवायला दिला असेल, तर तुमच्या उत्पन्नात धरून, उपकरासह साडेआठ हजारांच्या वर कर बसेल. त्यांनाच विचारून या."

परतीच्या वाटेवर शमशेरभाईंनी स्कूटर दोनदा थांबवली. एकदा पेट्रोलसाठी, एकदा उगाच. पैशाचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. चौतीस वर्षांच्या संसारात मेहताबनं त्यांच्यापासून काही लपवलं असेल, हेच त्यांना पटत नव्हतं. आणि विकलं ते कशासाठी? लेकीच्या, कैनातच्या सासरी काही अडलं होतं का? मेहताबला स्वतःलाच काही दुखणं होतं का, जे ती सांगत नव्हती? हा दुसरा विचार आला आणि मग तो डोक्यातून जाईना.

दोन दिवस ते जेवणापुरतं बोलले. साखर वाढली असेल, असं समजून मेहताबनं त्यांच्या चहातली साखर बंद केली. शमशेरभाई तो कडू चहा मुकाट्यानं प्याले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीशी मशीनवर जवानांच्या नावाच्या पट्ट्या शिवत बसली होती. गुडघे दुखतात म्हणून हल्ली ती एवढंच बारीक काम घेई. शमशेरभाई समोर स्टूल ओढून बसले.

"तुला काय आजार हाय का?"

मेहताबनं मशीन थांबवलं. गुडघ्यांखेरीज काही नाही, असं ती म्हणाली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग त्यांनी पत्रकाचं सांगितलं. रागानं सांगायचं ठरवलं होतं, पण राग आलाच नाही. आवाज तेवढा बारीक झाला.

तिनं पट्ट्यांची चळत खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. तिच्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणारी, बँकेतली धनश्री होती. तिनं बारा वर्षांपूर्वी पाचशे रुपयांचा महिन्याचा हप्ता सुरू करून दिला होता. पुढं तो हजार झाला, पंधराशे झाला. शिवणकाम कमी झालं तसा दोन वर्षांपूर्वी मेहताबनं हप्ता बंद केला होता. आणि फेब्रुवारीत सगळं काढून, इथंच भिंगारमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांचा इसार दिला होता. रतनबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं घर. त्या मुलाकडे पुण्याला जायच्या होत्या. चौदा लाखांना सौदा, उरलेले दसऱ्यापर्यंत द्यायचे. नाही दिले, तर इसार बुडाला.

"आनि मला कधी सांगनार हुतीस?"

"रोजच सांगणार होते. पण तुम्ही तिसगावचं बोलायला लागलात की तुमचा चेहरा असा फुलायचा, की माझं तोंडच उघडायचं नाही."

"तिसगावात काय वाईट हाय? लग्नानंतर सहा वर्षं ऱ्हायलीस की तू तिथं. लई चांगले दिवस हुते."

मेहताबनं मशीनवरचा सुटा दोरा तोडला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला क्वार्टर नव्हतं. तुम्ही शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. तुम्हाला तिसगाव आठवतं ते रविवारचं. मला बाकीचे सहा दिवस आठवतात."

रविवारी शमशेरभाई घरी असायचे तेव्हा अंगण सारवलेलं असायचं, रांजण भरलेला असायचा, मटण शिजत असायचं. तो रांजण कुठल्या विहिरीवरून भरतात, हे त्यांनी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती सांगत गेली तसं त्यांना कळत गेलं. विहीर दूर होती. कैनात पोटात असतानाही खेपा चुकल्या नव्हत्या. बोलायला माणूस नव्हतं. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता, जुनी वाट सांगावी तशी ती सांगत होती. भिंगारला आल्यावर तिला नळ मिळाला, मशीन मिळालं, गिऱ्हाइकं मिळाली, नाव घेऊन हाक मारणाऱ्या चार बाया मिळाल्या. दवाखाना जवळ. कैनात नगरलाच. म्हातारपणी हे सगळं सोडून जायला तिचा जीव होत नव्हता.

"मग भांडायचं हुतंस."

"तुमच्याशी भांडायची सवय नाही लागली," ती म्हणाली. "चूक झाली. पण इसार दिला त्या दिवशी मला फार छान झोप लागली."

त्या संध्याकाळी चहात साखर पडली.

दोन दिवसांनी दोघं मिळून सुचित्राताईंकडे गेले. पैसा कुणाचा, हे विचारल्यावर शमशेरभाईंनी तत्काळ सांगितलं की सगळा तिचाच, शिवणकामाचा. मेहताबनं मात्र पदर सावरत त्यांना अडवलं. खोटं कागदावर नको, म्हणाली. निम्मा शिवणकामाचा होता. निम्मा हे दर महिन्याला घरखर्चाला देत, त्यातून काढलेला. कधी भाजी कमी आणली, कधी रिक्षाऐवजी पायी गेली. हे सांगताना तिची मान खाली गेली. बारा वर्षं तिच्या मनात ते चोरीसारखं बसलं होतं.

सुचित्राताईंनी पेन खाली ठेवलं. "भाभी, नवऱ्यानं गुंतवायला म्हणून दिलेला पैसा वेगळा. घर चालवायला दिलेल्या पैशातून बाईनं काटकसर करून मागं टाकलं, तर ते तिचं धरतात. कोर्टाचे तसे निकाल पूर्वीच झालेत. हे तुमचंच आहे, सगळं."

मेहताबनं नवऱ्याकडे पाहिलं. शमशेरभाई टेबलावरच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचा दुसरा मार्ग सुचला नव्हता. जाणूनबुजून द्यायला निघाले होते ते सरकार त्यांच्याच पदरात घालत होतं. आणि जे दिल्याचं त्यांना माहीतही नव्हतं, ते मात्र खरोखर तिचं झालं होतं.

मेहताबचं रिटर्न भरणं सक्तीचं नव्हतं, पण पुढं कुणाची विचारणा यायला नको म्हणून सुचित्राताईंनी ते भरायचं ठरवलं. कर शून्य. सही करताना मेहताबनं 'करदात्याचे नाव' या ओळीवर बोट ठेवलं आणि आपलं पूर्ण नाव हळूच वाचलं. मग नव्यानं आखणी झाली. दहा लाख दहा हजार रतनबाईंचे, वर नोंदणीचा खर्च, खरेदीखत दोघांच्या नावानं. तिसगावच्या पत्र्यांना थोडे, म्हणजे उरुसाला आणि उन्हाळ्यात चार दिवस जाता येईल. ही अट मेहताबनंच घातली. उरलेले योजनेत. दरमहा किती लागेल, हे सुचित्राताईंनी या वेळी शमशेरभाईंना विचारलंच नाही. मेहताबनं तोंडपाठ सांगितलं, गॅसपासून औषधापर्यंत.

येताना मेहताबनं स्कूटर बाजाराच्या मागच्या गल्लीत वळवायला लावली. रतनबाई घरातच होत्या. त्यांनी दोघांना आत बोलावलं आणि त्या पाणी आणायला मागच्या नळावर गेल्या. खोल्या लहान होत्या, पण उजेड भरपूर होता. मेहताब खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि मशीन कुठं बसेल, ते हातानं मोजू लागली. शमशेरभाई दारातच अडकले होते. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला, एक डोळा मिटून वरपासून खालपर्यंत पाहिलं, दाराचा पल्ला दोनदा उघडून लावला. तो खाली घासत होता.

"ही चौकट कुनी बसवली? पार तिरकी हाय. दार लागतच न्हाई धड."

"बघितलं होतं मी," खिडकीपासून मेहताब म्हणाली. "स्वयंपाकघराचंही तसंच आहे. आणि फळी तर एकही सरळ नाही."

शमशेरभाई आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. रतनबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या, तेव्हा ते स्वयंपाकाच्या ओट्याखाली वाकून, फळीतल्या एका रुंद भेगेत बोट घालून बघत होते आणि स्वतःशीच गुणगुणत होते.