दोनदा वाजलेलं दार

दोर वळायला बसला की कडेमामाच्या तोंडाला दोराहून लांब गोष्टी फुटायच्या. हात वाखाला पीळ द्यायचे आणि जीभ ऐकणाऱ्याला. एकदा म्हणे कड्यावरचं पोळं एवढं मोठं लागलं, की वर चरणारं वासरू मधात पडलं. घरी आणलं तर गाय त्याला चाटता चाटता म्हातारी झाली, पण सोडीना. एकदा राणीमाशीनं मामाची टोपी पळवली, आणि पुढच्या साली बघतो तर त्याच टोपीत तिनं संसार थाटलेला. खोटं तर खोटं, पण ऐकणाऱ्याचं पोट दुखायचं आणि दोरही वळून व्हायचा.

त्या डोंगरवस्तीचं मूळचं काम मध काढायचं. शेती होती, पण खडकावरची. मूठभर पेरावं तर चिमूटभर उगवावं. खरा आधार कड्याला लटकणाऱ्या पोळ्यांचा. मामा कमरेला दोर बांधून खाली उतरायचा आणि वर दोर धरायचा त्याचा मेहुणा. दोर बायकोच्या भावानंच धरायचा, असा शिरस्ता. बहिणीला विधवा करायची हौस कुठल्या भावाला असते?

पोळ्यापाशी तोंड उघडायची सोय नाही, माशा आवाजाला चवताळतात. म्हणून बोलणं दोरानं. वरून एक हिसका आला की समजायचं, 'आहेस ना?' खालून एक हिसका द्यायचा, 'आहे.' आणि खालून दोन आले, की वरच्यानं काही विचारायचं नाही, कारण काढायचं नाही. आधी वर ओढायचं.

ही दोराची भाषा पोरांनी दारांना लावली, आणि तिथून मामाचं बिनसलं.

झालं असं, की दोनएक वर्षांत वस्तीतली चार तरणीताठी माणसं आपल्या हातानं गेली. ताप नाही, भांडण नाही; काल हसत होता, आज नाही. शहरातून एक डॉक्टरीण आली. बाई भली होती. मनाबद्दल पुष्कळ बोलली, वस्तीनं माना डोलावल्या, आणि तिची गाडी खाली उतरायच्या आत सगळे आपापल्या कामाला लागले. पण दहा-बारा पोरं-पोरी तिच्या मागोमाग शहरात गेली आणि महिनाभर शिकून आली. त्यांची पुढारी मामाचीच धाकटी. तिला सगळे टिटवी म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की झोपलेलं रान जागं व्हायचं.

टिटवी म्हणाली, "मन कसं आहे, असं विचारलं तर आपल्या माणसाला उत्तर सुचत नाही. दोरावर मात्र बरोबर सुचतं."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला पोरं जोडीजोडीनं घरोघर फिरू लागली. बाहेरून दारावर एकदा टकटक. आतून एकदा आली, की पुढचं घर. दोनदा आली, की आत जाऊन बसायचं. कारण विचारायचं नाही. माणूस आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं, आणि लागलंच तर डॉक्टरणीपर्यंत सोबत जायचं. पोटचं पोर मात्र स्वतःच्या घरात जायचं नाही. आई-बाप पोरापुढं खरं बोलत नाहीत, हे पोरांना शहरात शिकावं लागलं नव्हतं.

मामाला आयतं कोलीत मिळालं. तो म्हणायचा, आजवर सुतारपक्षी लाकूड ठोकायचे, आता आमची कार्टी ठोकतात.

पहिल्या आठवड्यात दोनदा वाजलं ते शिंपिणीचं दार. एकटी बाई, वस्तीच्या चोळ्या नि सदरे शिवून राहणारी. टिटवी तिच्याकडे बराच वेळ बसली. काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही. आणि जे बाहेर येत नाही ते घडवायला मामा होताच. लोहाराच्या भट्टीवर वस्तीची बैठक असायची. तिथं त्यानं सांगितलं, की शिंपिणीनं दोनदा वाजवलं तेव्हा पोरं जीव मुठीत धरून आत धावली, बघतात तर बाईची सुई हरवलेली. मग काय, अर्धी वस्ती गुडघ्यांवर रांगली, लोहारानं ठिणग्यांचा उजेड धरला, कोंबड्यांना शपथा घातल्या, आणि शेवटी सुई सापडली ती बाईच्याच अंबाड्यात.

भट्टीवर कुणाचा श्वास राहिला नाही. लोहाराचा भाता हसण्यानंच हलत होता म्हणाना. पुढं शिंपीण पाण्याला निघाली की कुणीतरी वाकून वाटेवर सुई शोधायचं. ती मान खाली घालून घागर भरायची आणि जायची.

एके दिवशी टिटवी ताटावरून उठली. म्हणाली, "बाबा, तुमची गोष्ट चांगली रंगली. तेव्हापासून एकही दार दोनदा वाजलेलं नाही."

"म्हणजे वस्ती ठणठणीत झाली की," मामा म्हणाला.

टिटवी हात धुऊन बाहेर पडली. मामानं ताटातल्या घासाकडं बघितलं. तो घास त्याला वाळूसारखा लागत होता, आणि हे आजचं नव्हतं.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. थंडी सरल्यापासून त्याच्या आतला दिवा कुणीतरी बारीक केला होता. झोप यायची नाही, आली तर उठावंसं वाटायचं नाही. पोट दुखलं तर काय खाल्लं ते तरी आठवतं. ह्याला काही कारणच सापडेना. म्हणून तो बोलत सुटायचा. जीभ थांबली की आतला रिकामा हंडा घुमायचा. रोज संध्याकाळी दार वाजलं की तो आतून एक टकटक द्यायचा, अशी दणकून, की बाहेरचं पोर दचकावं. वर दोन कडव्यांचं गाणंही म्हणायचा.

मग कड्याचा दिवस आला. ऊन तापायच्या आत मेहुण्यानं दोर झाडाला वळसा घालून धरला आणि मामा खाली उतरला. धूर केला, माशा उठल्या, पोळं हाताशी आलं. खाली दरीत धुकं कापसासारखं पसरलं होतं. मामा त्याच्याकडं बघत राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा कोयता दातांत होता आणि उजवा हात कमरेच्या गाठीवर. गाठ सैल करायला लागलेला.

वरून हिसका आला. आहेस ना?

रोज दाराशी खोटं बोलणाऱ्या त्या माणसाला दोराशी खोटं बोलता येईना. त्यानं गाठ घट्ट मुठीत धरली आणि दोन हिसके दिले.

मेहुण्यानं एकट्यानं त्याला वर ओढलं. वर आला तेव्हा मेहुण्याच्या तळव्यांची साल निघाली होती आणि तोंड पांढरं पडलं होतं. "दाजी, काय झालं?" त्यानं विचारलं. नियम मोडून विचारलं.

आणि मामानं काय केलं? गोष्ट सांगितली. पोळ्यात नाग होता, हाताएवढा जाड, मध पिऊन इतका सुस्तावलेला, की फणा काढता काढता पेंगत होता. मेहुणा हसला नाही. त्यानं दोर गुंडाळला आणि पुढं चालू लागला. दुपारपर्यंत नाग भट्टीवर पोचला, आणि संध्याकाळपर्यंत त्याला दोन तोंडं फुटली.

दिवेलागणीला दार वाजलं. मामानं मूठ उचलली, एक टकटक दिली. गाणं मात्र सुचेना. बाहेर पावलं वळल्याचा आवाज आला. मूठ अजून दाराशीच होती. चुलीपुढं बसलेली बायको हातातली फुंकणी तशीच धरून त्याच्याकडं बघत होती. त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा एकदा वाजवलं.

बाहेर पावलं थबकली. मग कुणाशी तरी कुजबूज, पळती पावलं. नियमाप्रमाणं टिटवी आत येणार नव्हती. जी आली तिच्या बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. शिंपीण मागच्याच आठवड्यात पोरांच्या जोडीत सामील झाली होती, हे मामाला ठाऊक नव्हतं.

ती भिंतीला टेकून बसली. मामाची मान जी खाली गेली ती वर येईना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस उगाच म्हणतो; ती कधी घेत नाही. शिंपीण निखाऱ्यांवर राख चढेपर्यंत बाहीवरचे दोरे वेचत बसली. शेवटी हळूच म्हणाली, "काय मामा, सुई हरवली का?"

आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"नाग नव्हता," मामा म्हणाला. "माझा हात गाठीवर गेला होता."

तिनं मान हलवली. "त्या दिवशी माझाही तसाच गेला होता."

"आणि मी त्यावर भट्टी हसवली."

"हो," शिंपीण म्हणाली. असू द्या म्हणाली नाही, जाऊ द्या म्हणाली नाही. उठूनही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आणि टिटवी त्याला डॉक्टरणीकडं घेऊन गेल्या. दोर खुंटीला लागला तो लागला. तिसऱ्या खेपेहून आल्यावर मामा स्वतःहून भट्टीवर गेला. सगळे सरसावून बसले. त्यानं गाठीची गोष्ट सांगितली, सुईचीही खरी सांगितली, कमी नाही, जास्त नाही. शिंपिणीला आधी विचारून आला होता. लोक सवयीनं हसले आणि पुढच्या गमतीची वाट बघत राहिले. मामा थांबला.

"हसून झालं?" तो म्हणाला. "शेवट एवढाच आहे."

लोहारानं भाता सोडला. कुणी कुणाकडं बघेना.

पुढं टिटवीनं बापालाही फेरीत घेतलं, शिंपिणीच्या जोडीला. पहिलंच दार मेहुण्याचं. मामानं टकटक केली. बऱ्याच वेळानं आतून एक आली. शिंपिणीनं पुढच्या घराकडं पाऊल उचललं, पण मामा हलला नाही. जन्मभर त्या हाताचा हिसका त्यानं कमरेत ओळखला होता, आणि हा त्यातला नव्हता. ज्यानं आपल्याला तळवे सोलून वर ओढलं, त्याला आपण नागाची गोष्ट सांगितली, आणि नंतर साऱ्या वस्तीला खरं सांगितलं तरी त्याच्या घरी कधी आलो नाही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

मग आतून दुसरी आली.

मामानं दार लोटलं. मेहुणा अंधारात, दोन्ही तळवे मांडीवर उघडे टाकून बसला होता. मामाचं तोंड सवयीनं उघडलं. त्यानं ते मिटलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.