मिठागराचा रविवार

कोपरच्या आमच्या मिठागरात रविवारी कोणी फिरकत नाही. बाहेरची माणसं विचारतात, हे कधीपासून, युनियन झाली का, सरकारने कायदा केला का. काही झालं नाही. एका बाईने माझ्या डोक्याला ताप दिला, बस. मी काळुराम, इथला मुकादम. बापाच्या मागे मुकादमकी माझ्याकडे आली. स्वभाव तापट आहे, ते कोणी सांगायला नको, बायको रोज सांगते.

रतनबाई आली ती बावन्न सालच्या दिवाळीनंतर. नगरकडची, ख्रिस्ती. नवरा कल्याणला रेल्वेच्या शेडमध्ये होता. तो तापाने गेला, त्याच्या मागोमाग रेल्वेची खोली गेली, म्हणून ही कोपरला झोपडं बांधून राहिलेली. पहिल्याच दिवशी बांधावर उभी राहून मला म्हणाली, "रविवारी मी येणार नाही, मुकादम. कल्याणला आमची उपासना असते."

विचारत नव्हती, सांगत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, मीठ थांबत नाही. वाफ्यात मीठ धरलं की त्याच दिवशी फळीने ओढून बांधावर घ्यावं लागतं, नाहीतर तळाला दगडासारखं बसतं. त्याला काय कळतंय रविवार आणि सोमवार. हे मी सगळ्यांना ऐकवायचो, माझा बापही ऐकवायचा, आणि आजवर कोणी पुढे एक शब्द बोललं नव्हतं. ही म्हणाली, मग मला दुसरीकडे काम बघावं लागेल. आणि खरंच चालायला लागली.

त्या साली माणसं कमी होती. बरीच मोहन्याच्या कारखान्याकडे पळालेली. म्हणून मीच मागून हाक मारली आणि आवाज बारीक करून सांगितलं, तुझ्यापुरती सुट्टी घे, पण गाजावाजा करू नको.

गाजावाजा तिने नाही केला, तिच्या पायांनी केला. मिठागरात दिवसभर खारट पाण्यात उभं राहायचं म्हणजे पायाला चिरा पडतात, चिरेत मीठ जातं आणि जखम कधी भरतच नाही. सगळ्यांचं हेच. पण सोमवारी रतनबाईचे पाय वेगळे दिसायचे. एक दिवस कोरडे राहिले की चिरांवर खपली धरायची. बायकांच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. त्यातून आमच्यातल्या राघो मजुराची बायको गोदा, तिचा उजवा पाय तर त्या वर्षी इतका सुजलेला की बिचारी टाचेवर चालायची. मी बघत होतो. बघून काय करणार, मुकादमाने सगळ्यांचे पाय बघत बसलं तर मीठ कोण काढणार, असं मी स्वतःला समजवायचो.

एका दुपारी बांधावर भाकरी खाताना गोदा रतनबाईला म्हणाली, "तुझा देव बरा गं, सुट्टी देतो. आमचे देव काय झोपलेत का?"

सगळे हसले, मीही हसलो. रतनबाई नाही हसली. तिने गाठोड्यातून काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. मिशनच्या शाळेत शिकलेली, घडाघडा वाचायची. म्हणाली, काय लिहिलंय ते ऐकाच. लिहिलं होतं ते असं की सहा दिवस राबायचं आणि सातव्या दिवशी थांबायचं. घरधन्याने थांबायचं, त्याच्या मुलाबाळांनी थांबायचं, गड्याने, मोलकरणीने, त्याच्या बैलानेसुद्धा, आणि गावात आलेल्या परक्या माणसानेसुद्धा.

"बैलाला पण सुट्टी?" गोदाने विचारलं.

रतनबाई वाचायची थांबली. गोदाच्या पायाकडे बघत राहिली. मग पुस्तक मिटून गाठोड्यात ठेवलं आणि फळी घेऊन वाफ्यात उतरली. मला वाटलं, बरं झालं, विषय संपला.

रविवारी सकाळी बघतो तर ही बाई वाफ्यात. उपासनेला नेसायची ती पांढरी साडी, तिचा पदर खोचलेला, हातात फळी, आणि गुडघ्याच्या खाली सगळी खाऱ्या पाण्यात. मी ओरडलो, तुला सुट्टी दिली आहे ना, मग इथे काय करतेस? तिने फळी ओढता ओढताच सांगितलं, "माझ्या देवाने सुट्टी मला एकटीला दिलेली नाही, मुकादम. गोदाला मिळेल तेव्हा मीही घेईन."

आता बोला. मजूर काम बंद करून बसले तर काय करायचं ते मला ठाऊक आहे, हाकलून द्यायचं. पण एक बाई काम करून भांडते, तिला काय करायचं? हाकलू कशासाठी, जास्त काम केलं म्हणून? मी चरफडत राहिलो. दुसऱ्या रविवारीही ती आली, तिसऱ्याही. इतरांपेक्षा दोन टोपल्या जास्तच भरायची. आता सोमवारी तिच्याही पायाच्या चिरा लालभडक दिसायला लागल्या.

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी कल्याणच्या चर्चचे पाळकसाहेब माझ्या घरी आले. म्हातारा माणूस, डोंबिवली स्टेशनपासून पायी आलेला. मला वाटलं, भांडायला आले. ते चहा घेऊन म्हणाले, मी तिलाच समजावून आलोय, मिळालंय तेवढं पदरात पाडून घे, आपण मूठभर लोक आहोत. तर तिने त्यांनाच शास्त्र ऐकवलं. रविवारी राबणं तिच्या लेखी पापच आहे, पण म्हणाली, त्याचा जाब माझा मी देवाला देईन. मग जरा थांबून ते म्हणाले, "नवरा गेल्यापासून ती आठवडाभर त्या दोन तासांवर जगते. तिथे ती गाते, मुकादम. तिच्याइतकं मोकळं आमच्यात कोणी गात नाही."

मी एकवीरेचा माणूस. मला त्यांच्या देवाशी काय देणंघेणं? पण चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. त्या बाईकडे तेवढी एकच गोष्ट उरलेली, आणि तीही तिने गोदाच्या पायासाठी सोडून दिलेली.

पाहुणे गेल्यावर माझी बायको सखू भांडी आवरत होती. ती मिठागरवाल्याचीच मुलगी, तिच्या माहेरीही वाफे. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "खरंच थांबत नाय का हो मीठ?"

मी विडी शोधायला लागलो. ती भांडी आवरत राहिली. नवऱ्याचं खोटं पकडलेलं असतं तेव्हा ती नेहमी अशीच मान खाली घालून काम करते.

कारण मीठ थांबतं. आज सांगायला लाज वाटते, पण थांबतं. खाडीचं पाणी भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात तापवायचं, मग वाफ्यांत सोडायचं. नवीन पाणी सोडलं की त्या वाफ्यात फळी घालायची नसते, दोन-तीन दिवस नुसतं उन्हाचं काम. आम्ही काय करायचो, आज या वाफ्यात पाणी सोड, उद्या त्या वाफ्यात. म्हणजे रोज कुठला ना कुठला वाफा तयार, रोज सगळे कामाला. बापाने तसं बसवलं, मी तेच चालवलं. शनिवारी संध्याकाळी सगळ्याच वाफ्यांत पाणी सोडलं, कुठे कमी, कुठे जास्त, तर रविवारी माणसाची गरजच नाही, आणि सोमवारनंतर एकेक वाफा पिकत जातो. पुढचे दिवस अंगावर काम जास्त पडतं, पण मीठ तेवढंच. मजुरीही टोपलीवर होती, त्यामुळे कोणाचं काही बुडणार नव्हतं. हे मला पंधराव्या वर्षापासून कळत होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी वाफे एकेक करून रिकामे करत आणले. चौथा रविवार उगवला तो अर्ध्याच कामाचा, पण रतनबाई आलीच. पुढच्या शनिवारी भरती चांगली होती. संध्याकाळी मी तळ्याचं पाणी सगळ्या वाफ्यांत सोडलं. राघो बघतच राहिला, म्हणाला, काळूदादा, उद्या ओढायचं काय? मी म्हटलं, उद्या काही ओढायचं नाही, उद्या कोणी यायचं नाही, आणि आला तर तंगडी मोडीन. नीट बोलायची मला सवयच नाही.

कोणी ओरडलं नाही, नाचलं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. रतनबाईने डोळे पुसले आणि हाताचं मीठ डोळ्यात गेलं, मग ती जी तडफडली त्यात सगळे हसायला लागले. गोदाने आपल्या लोट्यातलं गोडं पाणी तिच्या डोळ्यावर ओतलं. रतनबाई आली तेव्हा याच बायकांनी तिचा लोटा वेगळा ठेवायला लावलेला. ते त्या क्षणी कोणाच्या लक्षातही आलं नाही, मला मात्र आठवलं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मिठागराचा मालक, आमचा शेठ, ठाण्याला टेंभी नाक्यावर राहायचा आणि फेरी मारायला यायचा तो रविवारीच. माझी मुकादमकी म्हणजे त्याच्या एका शब्दाची गोष्ट. मी एकटाच बांधावर उभा राहिलो. रात्रभर उत्तरं जुळवलेली, उघाडी नादुरुस्त झाली सांगू, राघोकडे कोणी मेलं सांगू. शेठ आला, त्याने रिकाम्या बांधांवर नजर फिरवली आणि विचारलं, माणसं कुठे आहेत?

समोर ते वाफे, सगळे पाण्याने भरलेले, एकही फळी हलत नाही. मी जन्मात असं मिठागर बघितलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून जुळवलेलं काही निघालंच नाही.

"मीठ थांबतं, शेठ," मी म्हटलं. "मी आणि माझा बाप खोटं बोलत आलो."

मग सगळं सांगितलं, पाण्याचं, वाफ्यांचं, पायांचं. रतनबाईचं नाव नाही घेतलं, नाहीतर तिच्यावर शेकलं असतं. शेठ वाफ्यांच्या कडेने एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, वैशाखातल्या अखाजीपर्यंत बघतो, मिठाची रास तसूभर कमी दिसली तर तू घरी. अखाजीला रास कमी दिसली नाही. तो काही बोलला नाही, आणि न बोलणं म्हणजे त्याच्याकडून परवानगीच. पण ते नंतरचं. त्या रविवारी मी अकरा वाजताच घरी आलो.

दुपारी रतनबाई कल्याणहून परत येताना दारात थांबली. घसा बसलेला, इतकी गायली होती. म्हणाली, आज उपासनेत तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली. मी म्हटलं, मला विचारलंस का? ती म्हणाली, विचारलं असतं तर नको म्हणाला असतात. हे मात्र खरं. जाताना ती ओटीवरून उतरली ती गुणगुणतच.

मग मला काय करावं ते सुचेना. दिवसाउजेडी घरात बसायची सवय नाही. अंधारात निघायचं आणि दिवे लागले की यायचं, लग्न झाल्यापासून हेच. सखूने मला ओटीवर बसवलं, ऊन पाण्याने पाय धुतले, पांढरा थर घासून काढला आणि खोबरेल चोळायला घेतलं. मी म्हटलं, पुरे आता. तिने ऐकलं नाही. एका जागी तिचा हात थांबला. वाकून बघितलं, बोटाने पुसून बघितलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमच्या घोट्यावर तीळ हाय."

बावीस वर्षं आम्ही संसार केला होता, आणि तो तिला त्या दिवशी दिसला.