हेमाक्काचा आजार

१९६३ साल. चामराजपेटेतल्या घरात प्रतिमाची थोरली बहीण हेमलता दोन महिने धड झोपली नव्हती. शाळेतली नोकरी तिने सोडली होती. दिवसभर ती स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात फिरायची. ताटावर बसली की चार घासांत उठायची. आई म्हणायची, "लग्न झालं की बसेल एका जागी." रविवारी धारवाडचं स्थळ बघायला येणार होतं.

त्या आठवड्यात प्रतिमाच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या बाईंनी कागद वाटले. त्यावर एक हकिकत होती: झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, उगाच रडू येतं. काय झालं असेल, काय करावं, ते मुलींनी लिहायचं. प्रतिमाने झटकन लिहिलं, 'नखरे असतील. लग्न करून द्यावं.'

बाईंनी उत्तरं वाचून दाखवली. हकिकत सगळ्यांना एकच दिली होती. फक्त निम्म्या कागदांवर मुलाचं नाव होतं, निम्म्यांवर मुलीचं. मुलाबद्दल बहुतेकींनी लिहिलं होतं, 'आजारी आहे, डॉक्टरांना दाखवावं.' मुलीसाठी डॉक्टर दोघींनाच आठवला होता.

प्रतिमाला पुढच्या तासाला बसवेना. बसची वाट न बघता ती चालतच घरी आली. हेमलता अंगणात येरझारा घालत होती.

"अक्का, तुला काय होतं, सांग मला."

"छातीत काहीतरी सारखं धावतं," हेमलता न थांबता म्हणाली. "मी थांबले तरी ते थांबत नाही. तूसुद्धा परवा नखरेच म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं."

संध्याकाळी वडील नरसिंहराव कारखान्यातून आले, तशी प्रतिमा त्यांच्यासमोर उभी राहिली. "अण्णा, स्थळ नको आत्ता. अक्काला मनाच्या डॉक्टरांकडे न्या."

"वेड्यांच्या इस्पितळात? उद्या कोण करून घेईल तिला?"

"अक्काच्या जागी मुलगा असता, तर काय केलं असतं तुम्ही?"

सकाळी नरसिंहरावांनी धारवाडला 'येऊ नका' अशी तार केली. सोमवारी रजा काढून ते स्वतः हेमलताला घेऊन गेले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला यायला सांगितलं. आई प्रतिमाशी तुटक बोलू लागली. चौथ्या आठवड्यात एका दुपारी हेमलता जेवून लवंडली, ती दिवेलागणीपर्यंत झोपली. आईने दारावरच्या भाजीवालीला खुणेनेच परत पाठवलं. प्रतिमा तीनदा आत जाऊन अक्काचा श्वास बघून आली.